सरांचे पाच संदर्भ

आमच्या रसायनशास्त्र विभागातून एम.एस्सी.चा जो प्रकल्प बाहेर पडतो, त्याच्या संदर्भसूचीत विभागप्रमुख डॉ. बसलिंगप्पा कोनापुरे यांचे पाच शोधनिबंध असतात. तसा लेखी नियम कुठेच नाही. प्रकल्प दुधातल्या भेसळीवर असो नाहीतर औषधी गोळ्यांच्या विरघळण्यावर, सही घ्यायला केबिनमध्ये गेलं की सर आधी शेवटचं पान उघडतात, आपली नावं बोटाने मोजतात आणि मगच पहिल्या पानाकडे येतात. मुलं याला नैवेद्य म्हणतात. "दाखवला का?" एवढंच एकमेकांना विचारतात.

यातून गमती होतात. मागच्या वर्षी एका मुलाने ‘सोलापूरचे हवामान उष्ण व कोरडे आहे’ या वाक्याला सरांचा चिंचोक्यावरचा निबंध जोडला होता. एका मुलीला पाचांतल्या दोनांसाठी जागाच सापडेना, तेव्हा तिने ते आभारप्रदर्शनात, आईवडिलांच्या नावांनंतर घातले. दोन्ही प्रकल्पांवर सही झाली.

सर हे लपवून करत नव्हते. पहिल्याच वर्षी त्यांनी आम्हाला फळ्यावर बाण काढून समजावलं होतं. निबंध इतरांनी उद्धृत केला की लेखकाचा आकडा वाढतो, लेखकाचा वाढला की विभागाचा, विभागाचा वाढला की तपासणीला येणारी समिती कॉलेजला चांगली श्रेणी देते आणि श्रेणी चांगली असली की तुमच्या पदवीला किंमत येते. मी माझ्यासाठी मागायलोय असं समजू नका, असं म्हणून ते हसले होते. त्या साखळीतली एकही कडी खोटी नव्हती. निबंध वाचण्याची कडी मात्र तिच्यात कुठे दिसली नाही.

मी निवेदिता. घर बार्शीला, वडील तिथल्या एका शाळेत मुख्य लिपिक. सोलापुरात मी आणि माझी वर्गमैत्रीण संस्कृती एका खोलीत राहतो. माझा प्रकल्प कापडाच्या रंगावर होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं सूत रंगवणाऱ्या युनिटांमधून जे रंगीत पाणी बाहेर पडतं, त्यातला रंग ज्वारीच्या कडब्याच्या कोळशाने किती निघतो, हे मला मोजायचं होतं. एका युनिटच्या मालकांनी परवानगी दिली. मी स्कूटीवर पायाशी कॅन ठेवून पाणी आणायची. पाणी कधी जांभळं, कधी गर्द निळं, नेहमी कोमट, आणि हातमोज्यातूनही बुळबुळीत लागायचं, कारण त्यात सोडा भरपूर, मीठही भरपूर. कोळसा घालून ढवळायचं, गाळायचं आणि किती रंग उरला ते यंत्रावर बघायचं. माझं उत्तर आलं, एक्केचाळीस टक्के रंग निघाला. निम्म्याहून कमी. तरी मला ते आवडलं, कारण पुन्हा पुन्हा केलं तरी ते तेवढ्याच्याच आसपास येत राहिलं.

त्यावरचा माझा निबंध पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या विद्यार्थी परिषदेसाठी विभागातून निवडला गेला. परिषदेतले निबंध छापले जातात आणि ज्यांचे निबंध त्यांना पसंत पडतात त्यांना उन्हाळ्यात त्या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. मला तिथे जायचं होतं. तिथली यंत्रं मी फक्त पुस्तकातल्या आकृत्यांत पाहिली होती. निबंधाला वरून एक पान जोडावं लागत होतं, गाइडच्या आणि विभागप्रमुखांच्या सहीचं. ते नसेल तर निबंध कुणी उघडणारही नव्हतं.

माझ्या मसुद्यात सरांचा एकही निबंध नव्हता.

माझ्या गाइड सिद्धेश्वरी मॅडम. त्या तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे दर वर्षी नव्याने नेमणूक, आणि नेमणुकीच्या समितीवर कोनापुरे सर. शोधनिबंध कसा लिहायचा हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं आणि फार चांगलं शिकवलं होतं. दुसऱ्याचे शब्द घेतले तर ते अवतरणचिन्हांत, एक अक्षर न बदलता. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं तर शब्द बदलू देत, म्हणणं बदलता कामा नये. आणि दोन्ही वेळेला ज्याचं त्याचं नाव. हे सांगताना त्या एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यावर आपटत. त्याच तासाच्या शेवटी, दाराकडे बघत, त्या म्हणाल्या होत्या की सरांचे पाच तेवढे विसरू नका. वर्ग हसला. त्याही हसल्या, पण जरा उशिरा.

मसुदा वाचून झाल्यावर त्यांनी संदर्भांचं पान माझ्यापुढे सरकवलं. मी म्हटलं, मी सरांचे निबंध वाचलेलेच नाहीत, न वाचलेल्याचं नाव कसं घालू?

"मग वाच की," त्या म्हणाल्या.

त्यांना तो विषय तिथे संपवायचा होता. मी मात्र वाचायला बसले.

चार निबंध इंटरनेटवर मिळाले. पहिला, पंधरा वर्षांपूर्वीचा, कुठेच नव्हता. तो विभागाच्या कपाटात, जुन्या छापील निबंधांच्या गठ्ठ्यात सापडला. मी कपाटापाशी उभी राहूनच वाचायला लागले आणि मग खुर्ची ओढली. निबंध उत्तम होता. चिंचोक्याची पूड रंग शोषून घेते, शहाण्णव टक्के, असा त्यातला निष्कर्ष. पण मला निष्कर्षापेक्षा तो लिहिण्याची रीत आवडली. पूड कोणत्या चाळणीतून काढली, कितीदा धुतली, ढवळताना खोलीत उकाडा किती होता, वीज गेल्यामुळे कोणता प्रयोग टाकून द्यावा लागला, सगळं लिहिलेलं होतं. आणि तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं. निबंध इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगते: ‘सर्व प्रयोग शुद्ध रंग डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून आणि द्रावण आम्लधर्मी ठेवून केले आहेत, कारखान्यांच्या प्रत्यक्ष सांडपाण्याला हे निष्कर्ष लागू पडतील असा आमचा दावा नाही.’

हे कोनापुरे सरांनी लिहिलं होतं. मला त्या माणसाला भेटावंसं वाटलं.

मग बाकीचे चार क्रमाने वाचले. दुसऱ्यात सर आपल्याच पहिल्या निबंधाबद्दल लिहितात की चिंचोक्याची पूड प्रयोगशाळेतल्या द्रावणातून शहाण्णव टक्के रंग काढते. डिस्टिल्ड वॉटर गेलं, पण प्रयोगशाळा आहे. तिसऱ्यात प्रयोगशाळाही गेली, पूड नुसतीच शहाण्णव टक्के रंग काढू लागली. चौथ्यात ती कापड उद्योगातल्या रंगांचं शहाण्णव टक्के निर्मूलन करते. पाचव्यापर्यंत येता येता चिंचोका हा सोलापूरच्या कापड कारखान्यांच्या सांडपाण्यावर ‘सिद्ध झालेला उपाय’ होऊन बसला होता. आकडा कुठेही बदललेला नव्हता. प्रत्येक ठिकाणी खाली पहिल्या निबंधाचा संदर्भ होता. इथे खोटं लिहिलं असं एका जागी बोट ठेवून म्हणता येत नव्हतं. दर वेळी स्वतःचंच म्हणणं नव्या शब्दांत सांगताना एकेक अट गळून पडली होती. आणि पाचांमध्ये सगळ्यात जास्त उद्धृत झालेला निबंध हा पाचवाच होता, बहुतेक आमच्याच विभागाकडून.

मी बाजारातून चिंचोके आणले. पहिल्या निबंधात लिहिलं होतं तसेच फोडले, दळले, चाळले, धुतले. डिस्टिल्ड वॉटरमधल्या रंगावर पूड चौऱ्याण्णव टक्क्यांपर्यंत गेली. सर बरोबर होते. मग तीच पूड मी कॅनमधल्या पाण्यात घातली. सत्तावीस टक्के.

त्यावर मी निबंधात एक परिच्छेद लिहिला. सरांचं तिसऱ्या पानावरचं वाक्य अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह. त्यानंतर, पुढच्या चार निबंधांत ही अट आढळत नाही असं, चारांचे संदर्भ देऊन. मग दोन्ही आकडे. पाचही संदर्भ घातले गेले होते, प्रत्येक आपल्या जागी.

संस्कृतीने तो परिच्छेद कपडे वाळत घालता घालता माझ्या मोबाइलवर वाचला. तिचं गाव माढा तालुक्यात. तिचा प्रकल्प ज्वारीच्या रानातल्या जस्तावर होता आणि सरांचे पाचही संदर्भ एकाच वाक्याला लावून ती कधीच मोकळी झाली होती. तिने चिमटे खाली ठेवले.

"नीवे, नैवेद्य दाखवायचा असतो गं. मीठ कमी हाय का बघायचं न्हाय."

मी म्हटलं, सरांविरुद्ध एक शब्द लिहिलेला नाही, उलट त्यांनी जे लिहिलं तेच लिहिलंय. ती म्हणाली, तीच तर गोची हाय.

बाबांशी फोनवर बोलले. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या गोळा केल्या आहेत. त्यांचं म्हणणं, सही करणाऱ्याला कधी वाचायला लावू नये, साहेब वाचायला लागला की कागद परत येतो. पुण्याची संधी मोठी आहे, चार ओळींसाठी घालवू नकोस. मी विचारलं, त्या ओळी बरोबर असल्या तरी? ते म्हणाले, बरोबर असल्या तर जास्तच.

मॅडमनी परिच्छेद दोनदा वाचला. मग माझी मोजमापं मागितली, ती पाहिली आणि बरोबर आहे असं म्हणून गाइडच्या जागी सही केली. सही झाल्याबरोबर पेन पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढून घेतली. मी केबिनकडे निघाले तर त्याही बरोबर आल्या.

सरांनी शेवटचं पान उघडलं, बोट फिरवलं, पाच भरले. खूश झाले. पेनचं टोपण काढलं. पण हा निबंध छापून येणार होता, तेव्हा आपलं नाव नेमकं कुठे घातलंय ते बघू म्हणून त्यांनी पानं मागे उलटली. वाचायला लागले. वाचता वाचता टोपण परत लावलं.

"हे काय लिहिलंयस?"

"तुमचंच वाक्य आहे, सर. तिसऱ्या पानावरचं."

"माझं वाक्य मला ओळखू येतंय की. इथं कशाला आणलंयस ते सांग."

मी सांगितलं. कॅन, सोडा, मीठ, दोन्ही आकडे. त्यांनी ऐकून घेतलं, त्या परिच्छेदावर तिरपी रेघ मारली आणि समासात लिहिलं: ‘कोनापुरे यांनी चिंचोक्याच्या पुडीने ९६ टक्के रंगनिर्मूलन यशस्वीरीत्या सिद्ध केले आहे.’ हे घाल, म्हणाले. याला पॅराफ्रेझिंग म्हणतात, मॅडमनी शिकवलं नाही का? मॅडम फरशीकडे बघत होत्या. मी म्हटलं, शिकवलंय, पण म्हणणं बदलू नये असंही शिकवलंय आणि या वाक्यात डिस्टिल्ड वॉटर राहिलं.

सर खुर्चीत मागे रेलले. मी बार्शीची ना, वडील वकिली करतात का, असं विचारलं. शाळेत क्लार्क आहेत, मी म्हटलं. मग त्यांना विचार, साहेबाच्या टेबलावर कागद कसा न्यायचा असतो ते, सर म्हणाले. आता त्यांचं बरोबर तेच म्हणणं मी बार्शीहून ऐकून बसले होते, पण ते सांगितलं नाही.

मग त्यांनी मार्ग काढून दिला. परिच्छेद काढ, पाच नावं सूचीत राहू देत. आत काही लिहू नकोस, नुसती शेवटी असू देत. सगळे तेच करतात. मी म्हटलं, सूचीत नाव घालणं म्हणजे तो निबंध मी वापरला असं सांगणं आहे. कुठे वापरला हे न सांगता कसं घालू?

आता मात्र ते चिडले. घरी ते कन्नड बोलतात आणि राग आला की ते इथेही डोकावतं. "बेडा," ते म्हणाले. "एक पण नको आता." आणि लाल पेनने पाचही नावांवर काट मारली. "मला तुझ्या उद्धरणाची गरज नाही. पाचही काढून आण. सही करतो."

बाहेर आल्यावर मॅडमनी माझा खांदा दाबला. त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्यात काही चूक नव्हतं. माझा मूळ मसुदा असाच तर होता. संस्कृतीला सांगितलं तर ती म्हणाली, विभागाच्या इतिहासात नैवेद्य माफ झालेली तू पहिलीच हायस, तुझा फोटो लावाय पायजे नोटीस बोर्डावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाच नावं काढायला बसले. सूचीतून ती निघाली. पण परिच्छेदात चिंचोका उरला. तो अख्खा काढला तर माझे एक्केचाळीस टक्के एकटे पडत होते. ज्याने शहाण्णव वाचलंय तो माझा आकडा बघून हसणार होता आणि पुढेही शहाण्णवच लिहिणार होता. चिंचोका ठेवला आणि नाव काढलं, तर ती चाळणी, ते धुणं, तो पूड करण्याचा क्रम, सगळं माझं होत होतं. माझ्या नावाखाली छापलं जाणार होतं. ज्यांच्यावर मी इतकी चिडले होते त्यांचंच काम मी चोरायला निघाले होते, आणि तेही त्यांच्या परवानगीने.

मी पहिला निबंध परत घातला, त्यातल्या वाक्यासकट. पाचवाही घातला, कारण सोलापूरच्या सांडपाण्याबद्दलचा दावा त्यात होता आणि माझी मोजणी त्याच दाव्याची होती. मधले तीन मात्र मला खरंच लागत नव्हते. ते गेले. मॅडमना नवीन प्रत दाखवली तेव्हा त्यांनी ती वाचली. उठल्या, पदर खोचला आणि चल म्हणाल्या.

सरांनी शेवटचं पान उघडलं.

"काढ म्हटलं होतं."

"तीन काढले, सर."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आधी तुला नुसते सूचीत घालायचे नव्हते. आता तुला काढायचे नाहीत. तुला नेमकं पाहिजे काय?"

मी म्हटलं, "पूड मी तुमच्या पद्धतीने केली. नाव काढलं तर पद्धत माझी होते. ती चोरी आहे."

"मी परवानगी देतोय ना."

"तुम्ही दिलीत, सर. वाचणाऱ्याला ते कसं कळणार?"

मग ते शांतपणे म्हणाले की त्यांना माझा निष्कर्षच मान्य नाही, आणि जो निबंध मान्य नाही त्यावर ते सही करत नाहीत. तसा त्यांना अधिकार आहे. हे ते रागाने म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी निबंध बंद करून माझ्याकडे सरकवला. वरचं सहीचं पान पंख्याने हललं. पुणं गेलं, असं मला वाटलं.

"मग ते लिहून द्या, सर," मी म्हटलं. "काय मान्य नाही आणि का. मी ते निबंधात घालते. तुमच्या नावाने, अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं."

मॅडम हळूच म्हणाल्या, लेखकाने कळवलेलं मत म्हणून तसा संदर्भ देता येतो, मान्य पद्धत आहे.

"तुम्ही पण?" सर त्यांना म्हणाले.

"मी गाइड आहे, सर," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता, पण त्यांनी वाक्य मागे घेतलं नाही.

सरांनी कोरा कागद ओढला. चार शब्द लिहिले, खोडले. निबंध परत उघडला. पाणी किती युनिटांचं आणलं होतं? एकाच, मी म्हटलं. ते ॲसिड घालून आम्लधर्मी करून बघितलं होतं का? नाही, कारण युनिटवाले इतकं ॲसिड कुठून ओतणार. ते तुझ्या मालकाचं दुखणं झालं, तू करून बघितलंस का ते सांग. नाही, सर. ते माझ्या आकड्यांवर पेनाचं मागचं टोक टेकवत गेले, एकदा बोटांवर काहीतरी हिशेब केला, एकदा हं म्हणाले. कपाटातल्या निबंधाचा लेखक मला पहिल्यांदाच समोर दिसत होता, आणि तो माझ्या विरुद्ध बाजूला होता.

त्यांनी लिहिलं ते असं: ‘चिंचोक्याच्या पुडीवरील माझे प्रयोग डिस्टिल्ड वॉटरमधील होते, प्रत्यक्ष सांडपाण्यावर ते मी केलेले नाहीत. तथापि विद्यार्थिनीने एकाच कारखान्याचे पाणी तपासले असून ते आम्लधर्मी करून पाहिलेले नाही. एवढ्यावरून चिंचोका निरुपयोगी ठरवणे हा उतावळेपणा आहे आणि तो विद्यार्थिनीच्या स्वभावातच आहे.’

मी म्हटलं, मधल्या दोन हरकती बरोबर आहेत आणि मी त्या निबंधात मान्य करते. पण निरुपयोगी असं मी कुठेही लिहिलेलं नाही. या पाण्यात सत्तावीस टक्के, एवढंच लिहिलंय. सरांनी माझं पान पुन्हा काढून बघितलं. कुरकुरत ‘निरुपयोगी’ खोडलं आणि वर ‘अपुरा’ लिहिलं. मग खाली नाव आणि तारीख टाकली.

मी विभागातल्या कॉम्प्युटरवर ते तिथेच टाइप केलं, निबंधात बसवलं आणि छापून परत नेलं. सरांनी आपलं म्हणणं छापील अक्षरात वाचलं. हाताने लिहिलेलं वेगळं दिसतं, छापलेलं वेगळं. ते शेवटच्या ओळीवर थांबले.

"हे स्वभावाचं वगैरे गाळून टाक," ते म्हणाले. "रागात लिहिलं. पुण्याला जाणार आहे, बरं दिसत नाही."

"मला नाही गाळता येणार, सर."

"तीन टिंबं टाक की. गाळलं तर टिंबं टाकायची असतात."

"टिंबं टाकली तर वाचणारा विचारणार, सर इथे काय म्हणाले होते. आणि गाळत गाळत वाक्याचं काय होतं ते मी नुकतंच बघितलंय."

मॅडमनी खोकल्यासारखं केलं. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तुझीच शोभा आहे त्यात," ते म्हणाले.

"असू दे. तुम्हाला बदलायचं असेल तर तुम्ही बदला, सर, हक्क तुमचा आहे. मागे घेतलं असं लिहून द्या, मी ते छापते. फक्त मला कापायला सांगू नका."

त्यांनी तो कागद उचलला. स्वतःच्या अक्षरातली ती ओळ पुन्हा वाचली, पेन हातात घेतलं. मला वाटलं, खोडणार.

"मी लिहिलेलं मागं घेत नाही," ते म्हणाले.

"मग राहू दे, सर."

त्यांनी कागद माझ्याकडे टाकला, सहीचं पान ओढलं आणि सही केली, इतकी जोरात की खालच्या पानावर तिचा ठसा उमटला. मग म्हणाले, दुसऱ्या दोन युनिटांचं पाणी आण, ॲसिड घालून कर, आकडे आले की मला दाखव, दुसऱ्या कुणाला दाखवायच्या आधी.

"आधी मॅडमना दाखवीन, सर," मी म्हटलं आणि निबंध उचलला.